मिकीने टोडला का मारलं?

१९९७ च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हिरवे टी-शर्ट घातलेली काही माणसं जमली. मिकी मिस्टर टोडला का मारतोय ते मला विचारा, अशा अर्थाचा मजकूर त्या टी-शर्टांवर छापलेला होता. आंदोलन मोठं सभ्य. रस्ता रोको नाही, पुतळा जाळणं नाही. मंडळी गुमान 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड'च्या रांगेत उभी राहत, राइड घेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना आपली कैफियत सांगत. अडचण एवढीच होती की राइड पार्काच्या आत होती आणि आत शिरायचं तर डिस्नेचंच तिकीट काढावं लागत होतं. ज्याच्या दारात मोर्चा न्यायचा, त्याच्याच गल्ल्यावर आधी पैसे मोजायचे, हा प्रकार आपल्याकडच्या मोर्चेकऱ्यांना सांगूनही पटणार नाही.

प्रकरण होतं एका बेडकाचं. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज' या कादंबरीतला हा मिस्टर टोड म्हणजे पैसा भरपूर, अक्कल बेताची आणि मोटारींचं वेड अफाट. अशा गृहस्थाला आपल्याकडे निवडणुकीचं तिकीट मिळालं असतं. डिस्नेने त्याच्यावर राइड काढली. प्रवाशाने त्याच्या मोटारीत बसायचं, भिंती-दारं तोडत सुसाट निघायचं, पोलिसांना चुकवायचं, समोरून येणाऱ्या आगगाडीवर आदळायचं आणि थेट नरकात पोचायचं. नरकात लाल दिवे आणि शेपट्या हलवणारी छोटी भुतं. तिथून बाहेर पडलं की लख्ख उन्हात आई-बाबा आइस्क्रीम घेऊन उभे. गुन्हा, अपघात आणि नरकवास असा सगळा कार्यक्रम काही मिनिटांत उरकणारी ही राइड लहान मुलांसाठी होती आणि मुलांना ती भलतीच आवडायची.

७ सप्टेंबर १९९८ ला ती बंद झाली. पुढच्या वर्षी त्याच इमारतीत विनी द पू हे मधाच्या बरणीत हात घालून बसलेलं गोंडस अस्वल राहायला आलं. पूच्या राइडमध्ये घुबडाच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे. तीत मिस्टर टोड घुबडाच्या हाती जागेचा कागद सोपवताना दिसतो. म्हणजे खरेदीखतही रीतसर झालं. आंदोलकांच्या हाती काय लागलं म्हणाल, तर ही तसबीर.

आता डिस्नेला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि मजेदारही. पण थीम पार्क चालवणाऱ्याच्या खुर्चीत जरा बसून पाहावं. गावाकडच्या वाड्याचं कसं असतं? वीस-वीस वर्षं तिकडे कुणी फिरकत नाही. कौलं सरकतात, तुळईला वाळवी लागते, घरपट्टी गावातला एकटा काका भरत राहतो. मग एक दिवस काका म्हणतो, विकून टाकू. त्यासरशी पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या समस्त भावकीला ओसरीवरचा झोपाळा आठवतो, आजीच्या हातची थालीपीठं आठवतात आणि काका हा जगातला सर्वांत भावनाशून्य माणूस ठरतो. थीम पार्काच्या व्यवस्थापकाची नेमणूकच या काकाच्या जागेवर झालेली असते.

डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट पार्कातल्या नॉर्वे दालनात १९८८ पासून 'मेलस्ट्रॉम' नावाची एक नावेची राइड होती. व्हायकिंग, ट्रोल, ध्रुवीय अस्वलं आणि मध्येच उत्तर समुद्रातला एक तेलफलाट, असा तिचा एकंदर बाज. तिच्यासाठी जीव टाकणारे थोडेच होते. ५ ऑक्टोबर २०१४ हा तिचा शेवटचा दिवस असं जाहीर झालं आणि त्या दिवशी लोक तासन्‌तास उभे राहिले. यातल्या निम्म्यांनी जरी अधूनमधून अशी हजेरी लावली असती तर, असा विचार तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मनात नक्की येऊन गेला असेल. २०१६ साली त्याच पाण्यात 'फ्रोझन'च्या एल्साची राइड सुरू झाली. तिला रांग लावण्यासाठी ती बंद करण्याची वेळ आणावी लागलेली नाही.

धंद्याचं गणित साधं आहे आणि ते ताशी डोक्यांत मोजलं जातं. समजा एक राइड तासाला दोन हजार माणसं फिरवून आणते आणि दुसरी सहाशे. दहा तासांत पहिली वीस हजारांना रिझवते, दुसरी सहा हजारांना. उरलेले चौदा हजार कुठे जाणार? घरी नाही जात. ते दुसऱ्या कुठल्या तरी रांगेत घुसतात, ती रांग लांबते आणि संध्याकाळी दमलेला बाप पायातले बूट काढत म्हणतो की एवढे पैसे घालून दिवसभरात चार राइड झाल्या. म्हणून कमी डोकी फिरवणारी राइड स्वतःच्या जागेवर बसून सबंध पार्काला त्रास देते. तिच्या आठवणी कितीही गोड असोत, आठवणींना ताशी वेग नसतो.

डिस्ने वर्ल्डच्या पाणबुड्यांचं हेच झालं. '२०,००० लीग्ज अंडर द सी' ही राइड १९७१ मध्ये सुरू झाली. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोची 'नॉटिलस', तीही एक नव्हे तर ताफाच्या ताफा, एक कोटी पंधरा लाख गॅलनच्या आसपास पाणी भरलेल्या तळ्यात फिरायचा. अरुंद जिन्याने एकेकाने खाली उतरायचं, छोट्या गोल खिडकीला नाक लावून बसायचं, बाहेर बुडबुडे उठले की पाणबुडी खाली चाललीय असं मानायचं. ती कुठेच खाली जात नसे. तिचं तळघर आधीपासूनच पाण्याखाली होतं आणि ती आपली मार्गदर्शक रुळावरून निमूट पुढे सरकायची. बुडबुडे हाच काय तो खोल जाण्याचा पुरावा. पण एवढं खोटं चालवायला खर्च मात्र खरा होता. पाणी स्वच्छ हवं, कारण गढूळ पाण्यात प्लास्टिकचा मासाही दिसत नाही. पाण्याखालचे रंग उडतात, यंत्रं गंजतात आणि ती दुरुस्त करायला पाणबुडे उतरवावे लागतात. शिवाय माणसांना जिन्याने चढवायचं-उतरवायचं म्हणजे वेळ जाणारच, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला तर ती वाट बंदच. सप्टेंबर १९९४ मध्ये राइड थांबली ती कायमची. तळं मात्र दहा वर्षं तसंच पडून होतं. पुढे ते बुजवलं. बहुतेक पाणबुड्या भंगारात गेल्या, पण निदान दोन बहामाजमधल्या डिस्नेच्या बेटापाशी समुद्रात सोडण्यात आल्या, पोहायला येणाऱ्यांनी बघाव्यात म्हणून. तेवीस वर्षं नोकरीत जे जमलं नाही ते त्यांनी निवृत्तीनंतर करून दाखवलं. त्या खरोखर पाण्याखाली गेल्या.

म्हातारपण यंत्रांनाही चुकत नाही. पोलादी रोलर कोस्टरचा रूळ दिसतो भक्कम, पण दर काही सेकंदांनी अनेक टनांचा झटका वर्षानुवर्षं सोसल्यावर धातू थकतो. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सची १९९४ सालची 'नेमेसिस' २०२२ मध्ये थांबवून तिचा रूळ बदलला आणि २०२४ मध्ये ती नव्या नावाने परत आली. एवढं नशीब सगळ्यांचं नसतं. जुन्या राइडचा मेंदू असलेला संगणक बनवणारी कंपनी कधीच मिटलेली असते, सुटे भाग कारखान्यात खास घडवून घ्यावे लागतात, आणि कुठली कळ कुठे दाबली की घरघर थांबते हे ठाऊक असलेला मेकॅनिक निवृत्त होऊन मासेमारी करत बसलेला असतो.

'जॉज'च्या शार्कला तर म्हातारपणाचीही वाट पाहावी लागली नाही. तो जन्मतःच आजारी होता. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा ७ जून १९९० ला उघडलं आणि पहिल्याच दिवशी पार्कातल्या मोठ्या राइडनी माना टाकल्या. नावेवर झडप घालणारा शार्क कधी वर येईना, कधी आला की खाली जाईना. शेवटी युनिव्हर्सलने राइड बनवणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला, सगळं काम नव्याने करून घेतलं आणि १९९३ मध्ये शार्क पुन्हा कामावर रुजू झाला. स्पीलबर्गच्या १९७५ सालच्या चित्रपटाच्या वेळीही यांत्रिक शार्कने असाच छळ केला होता, त्यामुळे हा गुण वडिलोपार्जित म्हणायला हवा. तरीही लोकांचं त्याच्यावर प्रेम जडलं. नावेचा कप्तान झालेल्या नटाने दर फेरीला तितक्याच भयाने किंचाळायचं आणि सगळ्यांना ठाऊक असलेला शार्क पाहून सगळ्यांनी दचकायचं, हा खेळ जवळपास वीस वर्षं रंगला.

मग बाजूच्याच पार्कात हॅरी पॉटर आला. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये जून २०१० ला हॉग्जमीड गाव उभं राहिलं. या धंद्यातल्या अंदाजांनुसार २००९ साली तिथे सुमारे ४६ लाख लोक आले होते, २०११ साली ७६ लाखांवर. हे आकडे समोर आल्यावर शार्कचं भवितव्य ठरवायला ज्योतिषी लागत नाही. डिसेंबर २०११ च्या सुरुवातीला घोषणा झाली आणि २ जानेवारी २०१२ ला शेवटची नाव सुटली. महिनाभराची नोटीस, मुंबईतल्या घरमालकांइतकीच. शार्कच्या तळ्याच्या जागी २०१४ साली पॉटरच्याच जगातली डायगन ॲली उघडली. ज्याला शार्कशिवाय करमतच नसेल त्याने ओसाकाला जावं. तिथे २००१ पासून तो नोकरीत आहे आणि जपानी देखभालीत त्याची तब्येत बरी असते.

सगळ्यांत लवकर काय शिळं होत असेल तर भविष्यकाळ. परीकथेच्या किल्ल्याला कालबाह्य होण्याची भीती नसते, कारण तो बांधतानाच कालबाह्य असतो. पण 'उद्याचं जग' दाखवणाऱ्यांना उद्या गाठतोच. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५७ साली मॉन्सँटो या रसायन कंपनीने प्लास्टिकचं 'भविष्यातलं घर' उभारलं. चार बाजूंना पंखांसारख्या चार खोल्या, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह. दहा वर्षांत जगाचंच घर प्लास्टिकने भरलं आणि हे घर बघायला कुणी थांबेना. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं. एका दिवसाचं काम म्हणून लोखंडी गोळा आणला. तो घरावर आदळला आणि चेंडूसारखा परत उडाला. मग करवती आल्या, साखळदंड आले, आणि दोन आठवडे झटून त्या घराचे तुकडे करावे लागले. मोडण्याच्या बाबतीत पोलादी बोल्ट आधी हरले, घर नंतर. त्याचा काँक्रीटचा पाया काढण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्याच्यावर हिरवा रंग फासून बाग केली. आजच्या एखाद्या विकासकाने ते बांधकाम पाहिलं तर त्याला ही जाहिरात वाटेल आणि पाडणाऱ्याला शिक्षा.

कधी कधी मात्र राइड म्हातारी होत नाही, तिची गोष्ट नासते. 'स्प्लॅश माउंटन'चं तसं झालं. डिस्नेचे अभियंते टोनी बॅक्स्टर यांना तिची कल्पना १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या वाहतूक कोंडीत सुचली. (आपल्याकडे सिंहगड रोडवर इतकी माणसं इतकी वर्षं अडकून आहेत, एवढ्यात दोन-चार थीम पार्क व्हायला हरकत नव्हती.) राइड १९८९ मध्ये सुरू झाली. नावेने उंचावरून थेट पाण्यात कोसळायचं आणि भिजून बाहेर यायचं. पण तिचा आधार होता १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं त्यात रंगवलेलं गुळगुळीत चित्र इतकं अडचणीचं होतं की डिस्नेने अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडी कधी काढलीच नाही. चित्रपट कपाटात कुलूपबंद आणि त्याच्यावरची राइड चौकात, ही कसरत तेहतीस-चौतीस वर्षं चालली. २०२३ साली अमेरिकेत ती थांबली आणि पुढच्या वर्षी तिथे 'प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली टियाना आली. बेडकाला हाकलून सुरू झालेल्या या कहाणीत एक बेडूक सन्मानाने परत आला, अशी बेडकांच्या बाजूने नोंद करायला हरकत नाही.

फ्लोरिडातली 'स्प्लॅश माउंटन' जानेवारीत बंद झाली तेव्हा काही उद्योगी लोकांनी तिचं पाणी पिशव्यांत आणि बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायला काढलं. गंगाजलाला निदान पुण्य तरी लागतं. इथे क्लोरीन होतं. ज्यांनी हे पाणी विकत घ्यायचा विचार केला असेल त्यांना 'अमेरिका सिंग्ज'बद्दल सांगायला हवं. डिस्नेलँडमध्ये १९७४ पासून गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचा हा खेळ चालायचा. १९८८ मध्ये तो बंद केला आणि त्यातले कोल्हे, बेडूक, बगळे उचलून 'स्प्लॅश माउंटन'मध्ये बसवले. त्यातल्या दोन हंसांची तर त्याआधीच पिसं-कातडी उतरवून त्यांना 'स्टार टूर्स' या राइडच्या रांगेत यंत्रमानव म्हणून उभं केलं होतं. लोक ज्या राइडच्या नावाने रडले ती स्वतःच दुसऱ्या कुणाच्या तरी लाडक्या राइडचे अवयव लावून जगत होती. त्या वेळी 'अमेरिका सिंग्ज'साठी हळहळलेल्या माणसाला 'स्प्लॅश माउंटन' हीच आगंतुक वाटली असणार.

या हळहळीची पार्कांनी आता चोख व्यवस्था लावली आहे. गेलेल्याचं काहीतरी मागे ठेवायचं, पण इतकं बारीक की जाणकारालाच दिसावं. युनिव्हर्सलमध्ये किंग काँगची राइड काढून 'ममी'ची केली, तेव्हा खजिन्याच्या दालनात काँगची एक सोनेरी मूर्ती ठेवली. डिस्नेलँडमध्ये गाणाऱ्या अस्वलांचा 'कंट्री बेअर' खेळ हटवून तिथेही पू आला. त्या खेळात भिंतीवर टांगलेली तीन बोलकी मुंडकी होती; ती पूच्या राइडमध्ये अशा जागी लावली आहेत की मान उलटी वळवली तरच दिसतात. फ्लोरिडाच्या टोडला 'हाँटेड मॅन्शन'च्या पाळीव प्राण्यांच्या स्मशानात पुतळाही मिळाला. मानकऱ्याला मान मिळतो, तो खूश होऊन फोटो काढतो आणि नव्या राइडच्या रांगेत उभा राहतो. वर्षश्राद्ध घालून त्यालाच दक्षिणा मागावी, असा हा हिशेब आहे आणि तो बिनबोभाट चालतो.

पार्कवाले दरवेळी शहाणेच असतात असंही नाही. एपकॉटच्या 'जर्नी इंटू इमॅजिनेशन'मध्ये फिगमेंट नावाचा एक जांभळा छोटा ड्रॅगन होता. १९९९ मध्ये नवं रूप देताना त्याला जवळजवळ वगळलं. कल्पनाशक्तीची राइड आणि तीत कल्पनेचाच पत्ता नाही. लोकांनी इतकी बोंब मारली की दोन वर्षांत सगळं बंद करून २००२ साली फिगमेंटला परत आणावं लागलं. त्याहून मोठा फटका डिस्नेलँडच्या 'रॉकेट रॉड्स'ने दिला. १९६७ पासून उंचावरच्या मार्गावरून रमतगमत फिरणारी 'पीपलमूव्हर' नावाची गाडी होती. १९९५ मध्ये ती थांबवली आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर सुसाट धावणाऱ्या गाड्या सोडल्या. मार्ग होता रमतगमतचा; वळणांवर त्याला कलच दिलेला नव्हता. त्यामुळे रॉकेटने सुसाट निघायचं, वळण आलं की करकचून ब्रेक, पुन्हा सुसाट, पुन्हा ब्रेक. टायर झिजले, गाड्या बंद पडल्या आणि २००० साली सगळा प्रकार आटोपला. तो रिकामा मार्ग आजही 'उद्याच्या जगा'च्या डोक्यावरून कुठेही न जाता उभा आहे.

भारतात एकेक राइड निवृत्त करण्याइतका धीर कुणाला नसतो. आपल्याकडे अख्खं पार्कच निवृत्त होतं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जागा हवी म्हणून बंद झालं. जिथे मुलं पाळण्यातून किंचाळायची तिथे आता वकील युक्तिवाद करतात. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. मार्वेच्या जेटीवरून फेरीबोटीत बसलेली शाळेची सहल, डब्यातली बटाट्याची भाजी खाऊन लगेच गरगर फिरणाऱ्या राइडमध्ये बसू नका असं बजावणाऱ्या बाई आणि तेच करणारी मुलं, एवढं भांडवल मुंबईच्या एका अख्ख्या पिढीकडे आहे. २०२२ मध्ये ते बंद झालं तेव्हा व्हॉट्सॲपच्या शाळेच्या ग्रुपांवर उसासे पडले. त्याआधीच्या दहा वर्षांत तिथे शेवटचं कधी गेला होतात, असं त्या ग्रुपवर कुणी विचारलं असतं तर ॲडमिनने त्याला काढून टाकलं असतं. जत्रेतला आकाशपाळणा मात्र या सगळ्यातून सुटतो. तो मुळी एका जागी आठवडाभराहून जास्त राहतच नाही, त्यामुळे त्याला बंद कोण करणार?

अलीकडचं सुतक मपेटांचं. डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओजमधल्या 'मपेट व्हिजन थ्रीडी'चा अखेरचा खेळ ७ जून २०२५ ला झाला. मपेट बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांनी मृत्यूपूर्वी केलेल्या शेवटच्या कामांपैकी हे एक, त्यामुळे रडणारे थोडेथोडके नव्हते. डिस्नेने सांत्वन म्हणून मपेटांना त्याच पार्कातली 'रॉक अँड रोलर कोस्टर' देऊ केली. पण तिथे १९९९ पासून एरोस्मिथ हा रॉक बँड नांदत होता, त्याला बिऱ्हाड हलवायला सांगितलं. मपेटवाले शांत झाले आणि एरोस्मिथवाले उठले: बाहुल्यांचा रॉक संगीताशी संबंध काय? संबंध आहे. मपेटांचा 'इलेक्ट्रिक मेहेम' नावाचा स्वतःचा बँड १९७५ पासून वाजवतो आहे आणि कोस्टरसाठी डिस्नेने नेमकी त्याचीच निवड केली. एरोस्मिथने गायक स्टीव्हन टायलरच्या घशाच्या दुखापतीमुळे २०२४ च्या ऑगस्टात दौऱ्यांना कायमचा रामराम ठोकला. कापडी घशाच्या ड्रमरला आणि गायकाला ती धास्ती नाही, फक्त कसर लागू नये एवढं बघावं लागतं.